ह्ये म्हनत्यात

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता गहिनीनाथ अनारसे ऊर्फ अण्णा यांनी डोक्यावरची नवी टोपी काढून हातात घेतली आणि भर बैठकीत सांगितलं, "मी आसं म्हनलोच न्हाई."

टोपी नुकतीच घातली गेली होती. सोबत टॉवेल आणि नारळ होता. बोरमाळच्या पाणी वापर संस्थेची बैठक दूध डेअरीच्या जुन्या खोलीत भरते. त्या दिवशी दारातही माणसं उभी होती, कारण चारीच्या टेलचे शेतकरी अण्णांचा सत्कार करायला आले होते. चारी म्हणजे कालव्यातून रानांकडं पाणी नेणारा पाट, आणि टेल म्हणजे तिचं शेवटचं टोक. अण्णा मागच्या बैठकीत जे म्हणाले त्याबद्दल हा सत्कार होता, आणि ते आपण म्हटलंच नाही असं अण्णा आता सांगत होते.

बोरमाळ कर्जत तालुक्यात आहे. कालव्याचं पाणी आवर्तनानं येतं, म्हणजे वर्षातून मोजक्या वेळा, मोजके दिवस. चारीच्या तोंडाशी पहिलं गेट अण्णांचं. दुसरं भिमाजी शेळके यांचं. तिथून एकेका रानाला पाणी देत चारी मनकर्णा धांडे यांच्या बांधाशी संपते. पाणी सुटलं की आधी अण्णा भिजवून घेतात, मग भिमाजी, मग त्यांच्या खालचे. टेलच्या लोकांची पाळी येईपर्यंत बहुतेक वेळा वरून पाणी बंद झालेलं असतं. पाणी टेलकडून वर द्यावं असा नियम आहे, हे गावात सगळ्यांनी ऐकलं होतं. पाळलेला कुणी पाहिला नव्हता.

संक्रांतीनंतरच्या बैठकीत मनकर्णांनी हा विषय काढला आणि नेहमीसारखा आरडाओरडा झाला. अण्णांच्या मागं बसलेल्या त्यांच्या पत्नी छबूबाई उभ्या राहिल्या, तेव्हा तो थांबला.

"ह्ये म्हनत्यात," छबूबाई म्हणाल्या, "आपन थांबू. पंगतीला बसल्यावर पैल्या पानावरचा मानूस लगीच जेवतो का? शेवटचं पान वाढून हुईस्तवर हात गुडघ्यावर ठिवून बसतो. आन नुसता बसत न्हाई. वाढप्याला वरडतो, आरं तिकडं वाढा, तिकडं वाढा. का? त्याला भूक लागल्याली आसती. चारीचं तसंच करा. टेलचं भिजल्याबिगर आपलं भिजनार न्हाई म्हनल्यावर वरचाच मानूस खोरं घिऊन खालची चारी साफ करत जाईल. ह्ये म्हनत्यात, आवंदा आपन पान मांडून बसू. खाली वाढा."

भिमाजी शेळके या विषयावर कधीच गप्प बसले नव्हते. त्या दिवशी मात्र ते एवढंच म्हणाले, "पैलं गेटच थांबतंय म्हनल्यावर मी दुसऱ्या गेटानं कुठं पळू?" संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब तनपुरे यांनी लगेच "ठरलं" म्हणून टाकलं. त्या शब्दावर टेलच्या लोकांनी विहिरींच्या तळातलं पाणी उपसून कांद्याची लावण करून घेतली. आता शनिवारी चारीला पाणी सुटणार होतं आणि मंगळवारची बैठक फक्त पाळ्या लावण्यासाठी होती.

"तुमी न्हाई म्हनला, तर मग म्हनलं कोन?" आबासाहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी छबूबाईंकडं पाहिलं. त्या नेहमीच्या जागी, अण्णांच्या उजव्या कानामागं बसल्या होत्या.

"ह्येच म्हनले," त्या म्हणाल्या.

अण्णा मागं वळले. "कवा?"

"आवो, तवाच की. माझ्या म्होरं."

"मी?"

"न्हाई तर काय मी?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. भिमाजी म्हणाले, "पैल्या गेटानं शबुद फिरवला, तर माझाबी शबुद मी खिशात घालतो. मग माझ्याकडं बोट दावायचं न्हाई."

अण्णांनी टोपी, टॉवेल आणि नारळ मनकर्णांपुढं धरला. मनकर्णांनी टोपी आणि टॉवेल घेतला, नारळ घेतला नाही.

"दिल्याला नारळ माघारी घेत न्हाईत, अण्णा," त्या म्हणाल्या. "आन लावल्यालं रोपबी माघारी उपटता येत न्हाई."

आबासाहेबांनी बैठक शुक्रवारवर ढकलली.

अण्णांचे कान एकदम गेले नव्हते. बरीच वर्षं ते मळणी यंत्रावर उभे राहत. आधी डावा कान गेला, मग उजवा मंदावला. संस्थेचे सभासद ते पहिल्यापासून, आणि बैठक चुकवायची नाही हा त्यांचा हट्ट. म्हणून छबूबाई सोबत येऊ लागल्या. खोलीत काय चाललंय ते त्या अण्णांच्या उजव्या कानात ओरडून सांगत. अण्णा खाली मान घालून काहीतरी पुटपुटत. मग छबूबाई उभ्या राहून म्हणत, "ह्ये म्हनत्यात," आणि पुढचं सांगत. या गोष्टीला पंधरा वर्षं झाली.

सुरुवातीला बैठकीला नियमित येणारी दुसरी बाई नव्हती. छबूबाई आल्या असं कुणी धरतही नव्हतं. त्या अण्णांचा कान म्हणून येत. संस्थेचे सचिव अमृत खेडकर वयानं लहान आणि तोंडानं मोकळे. त्यांनी एकदा विचारलं होतं, "काकू, अण्णांचे दोन शब्द तुमच्याकडं येऊन वितात का काय? इतकी पिल्लं कशी होतात?" सगळे हसले होते, छबूबाईही हसल्या होत्या. प्रश्नाचं उत्तर कुणी मागितलं नव्हतं.

कानाचं मशीन त्यांची मुलगी स्नेहल हिनं आणलं. ती नगरला एका दवाखान्यात नर्स आहे. मंगळवारच्या आधीच्या रविवारी ती आली, मशीन बसवलं, आणि सवयीनं बापाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "अण्णा, येतंय का ऐकायला?"

"वरडती कशाला?" अण्णा म्हणाले.

स्नेहल रडली. छबूबाई चहा टाकायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. म्हणजे मंगळवारी अण्णांनी सत्काराच्या वेळचं मनकर्णांचं भाषण स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि आपण पंगतीबद्दल काय बोललो होतो ते त्यांना पहिल्यांदाच कळलं.

बैठकीतून घरी आल्यावर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. अण्णा पडवीत बाजेवर डोळे मिटून पडले. छबूबाई गोठ्यात गेल्या. गोठा पडवीला लागूनच आहे, मध्ये फक्त कुडाची भिंत. अण्णांना झोप लागली नाही, कारण गोठ्यात कुणीतरी बोलत होतं. आधी त्यांना वाटलं, शेजारची कुणी आली असेल. मग लक्षात आलं की बाई एकटीच आहे आणि समोर गाय आहे.

"आता भिमाजीचंबी खोटं न्हाई, हरने," छबूबाई गाईला सांगत होत्या. "त्याला भ्याव हाय. खालच्यानं पानी घेतलं आन वरनं बंद झालं, तर त्यानं काय करायचं? मग टेलला मोकळं सोडून चालनार न्हाई. येळ बांधून द्यायची. एवढ्यात तुमचं भिजलं पायजे, न्हाई भिजलं तर दार बंद. मनकर्णा माझी मैत्रीन आसली तरी तीबी बांध फुटूस्तवर भिजवंल. मानूस खाली ऱ्हातंय म्हून लई साधं आसतं का? सर तिकडं, पाय देती व्हय अंगावर. काय म्हनत हुते मी? हां, येळ. ह्ये म्हनत्यात..."

अण्णा बाजेवर उठून बसले. ते काहीही म्हटलेले नव्हते. बैठकीतून आल्यापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

छबूबाईंचं बोलणं तासभर चाललं. भिमाजीची बाजू झाली, मनकर्णाची झाली, मध्येच स्नेहलच्या लग्नाची झाली. प्रत्येक गोष्ट दोन्ही अंगांनी उलटीपालटी होत होती आणि जिथं निकाल लागत होता तिथं येत होतं, "ह्ये म्हनत्यात." लग्नाला सदतीस वर्षं झालेल्या माणसाला आपल्या घरात रोज एवढी मोठी सभा भरते हे माहीत नव्हतं. त्या सभेचं अध्यक्षपद आपल्याकडं आहे, हेही नव्हतं.

बुधवारी अण्णा संस्थेच्या खोलीवर गेले. अमृत एकटेच होते.

"अमृत, मी आनखी काय काय म्हनलोय रं?"

"कधीपासून सांगू?"

"आठवंल तितकं सांग."

अमृत यांनी सांगितलं. शाळेच्या भिंतीला लागून पानटपरी नको, हे अण्णांचं म्हणणं. अजिनाथच्या पोरीला कर्जतच्या कॉलेजात घालावं की नाही, हे विचारायला अजिनाथ आला होता; त्यावर 'पोरीला सोडून मला काय इचारतो,' हेही अण्णांचंच. देवळाच्या मंडपात ग्रॅनाइट घालायचं ठरत आलं होतं. पावसाळ्यात ओल्या पायांनी म्हातारी माणसं त्यावर घसरतील, साधी शहाबादी फरशी घाला, असं अण्णा म्हणाले आणि तीच घातली गेली.

"लई शानपनाचं बोललो की मी."

"उगीच नाव आहे का तुमचं गावात?"

अण्णांनी विचारलं, "आन मी खरं काय म्हनलो हुतो तवा?"

"ते कसं कळणार, अण्णा? ते तुम्ही काकूंच्या कानात म्हणाला."

"म्हंजी पंधरा वर्सं मी मुकाच हुतो म्हन की."

"तुमचं खरं म्हणणं काय होतं ते आता सांगा की," अमृत म्हणाले. "आता काय अडचण?"

अण्णांनी खूप आठवून पाहिलं. टपरीबद्दल काही आठवेना. अजिनाथबद्दलही आठवेना.

"गरानाईट मला आवडलं हुतं," ते शेवटी म्हणाले.

गुरुवारी दुपारी चहाच्या वेळी त्यांनी विषय काढला. छबूबाईंनी कप समोर ठेवला होता आणि त्या दारात पाठ करून तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"अगं, मी त्या दिवशी नेमकं काय म्हनलो हुतो?"

"म्हनलाच न्हाई म्हनता ना? मग इचारता कशाला?"

"राग सोड आन सांग. पंगत तर मी म्हनलो न्हवतो."

"थांब जरा म्हनला," छबूबाई म्हणाल्या. "मी कानात इचारलं, टेलला आदी पानी द्यायचं का, समदी इचारत्यात. तुमी म्हनला, थांब जरा."

"आन त्याची पंगत झाली?"

छबूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "आवो, च्या आल्ता तवा. अमृतनं म्होरनं वाटत नेला. मागच्या वळीला मनकर्णाची मानसं बसली हुती, त्यांच्यापाशी जाईस्तवर संपला. तो परत आनाय गेला. म्होरची समदी भुरके मारत हुती आन तुमी एकटं कप धरून बसला हुता. पीत न्हवता. मागं बगत हुता. मी इचारलं तर म्हनला, थांब जरा. मला वाटलं, ह्या मानसाला काय सुचलंय बगा! मागच्याला मिळाल्याबिगर आपन घ्यायचं न्हाई. त्यातच समदं आलं की. पंगत मी नुसती जोडली, लोकांला कळावं म्हून."

अण्णांनी समोरचा कप बाजूला सरकवला.

"अगं, च्या गरम हुता."

"काय?"

"च्या गरम हुता म्हून थांबलो हुतो. जीब भाजली हुती माझी. मागं बगत हुतो, कारन मागं पानी आसतंय पिंपात."

छबूबाई पदर तोंडावर घेऊन इतक्या हसल्या की सूप कलंडलं. अण्णाही हसले. हसणं संपल्यावर मात्र दोघांनाही अवघड झालं, कारण आता पंगतीची गोष्ट मधोमध पडली होती आणि ती कुणाची, हे दोघांना कळलं होतं.

"तुमच्या तोंडावर दिसत हुतं," छबूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी कायम तुमच्या तोंडावरनंच वळखते."

"माझ्या तोंडावर तंबाखू आसती. बाकी काय नसतं."

"आसं बोलू नगा."

"खरं सांगतो. मला थांबायचं न्हाई. पैलं गेट माझ्या बापापासनं पैलं हाय. माझाबी कांदा हाय रानात. शुक्रवारी मला इचारलं, तर मी न्हाई म्हननार. पर तुझं म्हननं वायलं हाय, तर ते तू सांग. माझ्या अंगावर टाकू नगंस."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"हरनीला सांगत हुतीस तवा लई कळत हुतं."

छबूबाईंचा चेहरा पडला. "ऐकलं व्हय तुमी?"

"मशीन हाय मला."

"काढून ठिवा ते. आजच्या आज काढून ठिवा."

"लग्नाला येवडी वर्सं झाली, तू काय बोलती ते मला आत्ता ऐकू आलं," अण्णा म्हणाले. "आन काढून ठिवू?"

चहा निवून गेला होता. छबूबाई तो उचलून आत घेऊन गेल्या आणि दुसरा करून आणला. तो कोमट होता.

शुक्रवारी खोली मंगळवारपेक्षा जास्त भरली. बातमी चारीच्या वरपासून खालपर्यंत गेली होती. अण्णा लवकर आले आणि भिंतीला पाठ टेकून बसले. त्यामुळं त्यांच्या मागं बसायला जागाच उरली नाही. छबूबाई आल्या, एक क्षण उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या शेजारी, हातभर अंतर सोडून बसल्या.

आबासाहेबांनी विषय मांडला. पाणी उद्या सुटणार. पाळी कुठून लावायची? संक्रांतीनंतरच्या बैठकीतला शब्द कुणाचा होता, ते आधी साफ व्हावं.

छबूबाई उभ्या राहिल्या. "ह्ये म्ह..."

अण्णा खाकरले.

छबूबाईंनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. अण्णांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. मनकर्णांच्या म्हणण्याप्रमाणे छबूबाई त्यानंतर इतका वेळ गप्प उभ्या होत्या की त्यांना घेरी आली की काय असं वाटलं.

"मी म्हनते," छबूबाई म्हणाल्या.

हे दोन शब्द त्यांनी त्या खोलीत पूर्वी कधी उच्चारले नव्हते. नंतर त्या काय बोलल्या, ते बहुतेकांनी आधी ऐकलेलं होतं. पंगत होती, वाढपी होता. एक गोष्ट नवी होती. टेलला मोकळं सोडायचं नाही, वेळ बांधून द्यायची, आणि ती वेळ भिमाजींनी बघायची, कारण सगळ्यात जास्त घाई त्यांनाच असणार.

भिमाजी चमकले. मग म्हणाले, "काकू, मला कामाला लावता व्हय?"

"भूक कुनाला हाय? त्यानंच वरडायचं."

हशा झाला. भिमाजी हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. "माझं एकच म्हननं हाय," ते म्हणाले. "पैलं गेट अण्णांचं. अण्णांचा नकार आसंल, तर ह्या समद्याला काय अर्थ हाय?"

"आधी मला सूचना लिहून घेऊ द्या," अमृत म्हणाले. "सूचक म्हणून कुणाचं नाव घालू? काकू, पूर्ण नाव सांगा."

"तुला म्हाईत न्हाई व्हय माझं नाव?"

"बैठकीत सूचकानं स्वतः सांगायचं असतं."

असं काही नसतं. पण खोलीत कुणीही तसं म्हणालं नाही, कारण अमृत कशासाठी अडून बसलेत, ते सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. पूर्ण नाव म्हणजे मधलं नाव आलं, आणि मधलं नाव नवऱ्याचं. छबूबाईंनी ते लग्नात घेतलं होतं, स्नेहलच्या बारशाला घेतलं होतं. एरवी रेशनच्या दुकानातही त्या ते शेजारणीकडून वदवून घेत.

"आता घ्याच, छबूताई," मनकर्णा मागून म्हणाल्या. "तेबी उखान्यातच."

"जनाची न्हाई तर मनाची ठेवा गं कुनी. हितं पान्याचं चाललंय," छबूबाई म्हणाल्या. पण त्यांनी पदर नीट केला आणि खिडकीकडं तोंड करून बसलेल्या नवऱ्याकडं पाहत एका दमात म्हटलं,

"मशीन बसलं ह्यांच्या कानात,
पानी जाऊ द्या टेलच्या रानात,
गहिनीनाथरावांचं नाव घेते,
जे आलं माझ्या मनात."

खोलीत शिट्ट्या वाजल्या. आबासाहेबांनी टेबलावर हात आपटून शांत बसायला सांगितलं आणि स्वतःच हसू लागले. अण्णांनी तोंड खिडकीकडून वळवलं होतं. त्यांचे कान, मशीनचा आणि बिनमशीनचा दोन्ही, लाल झाले होते.

"अण्णा," आबासाहेब म्हणाले, "आता तुमचं खरंखुरं म्हननं सांगा. तुमच्या तोंडानं. पैलं गेट टेलसाठी थांबनार का?"

तोवर चहा आला होता. अमृत यांनी या वेळी मागच्या ओळीपासून वाटायला सुरुवात केली होती. हे ठरवून केलं की सहज झालं, ते त्यांनी सांगितलेलं नाही. कप पुढं येत येत शेवटी अण्णांच्या हातात पडला. अण्णांनी कपाकडं पाहिलं, खोलीकडं पाहिलं.

"थांब जरा," ते म्हणाले.

सगळे थांबले. अण्णांनी चहावर फुंकर मारली. पुढं काही बोलले नाहीत. मिनिट गेलं.

"काकू," अमृत यांनी विचारलं, "म्हणजे काय?"

"मला काय इचारतो?" छबूबाई खाली बसत म्हणाल्या. "मी माझं सांगितलं. त्यांचं त्यांना इचार."

अण्णा शांतपणे चहा प्यायले. बैठक संपली तेव्हा सूचना छबूबाई गहिनीनाथ अनारसे यांच्या नावानं नोंदली गेली होती. बहुतेकांचे हात वर होते, भिमाजींचा अर्धा. अण्णांचा हात वर होता की ते कप ठेवायला जागा शोधत होते, याबद्दल दोन मतं आहेत.

शनिवारी दुपारी चारीला पाणी सुटलं. पहिलं गेट बंद होतं, दुसरंही बंद होतं. भिमाजी खोरं घेऊन खालच्या मोरीत अडकलेलं गवत काढताना दिसले, असं तिघांनी सांगितलं. भिमाजींनी त्याला दुजोरा दिलेला नाही.

रविवारी दुपारपर्यंत पाणी अर्धी चारी ओलांडून गेलं होतं. मनकर्णांच्या बांधाला ते अजून लागलेलं नव्हतं. अण्णा शनिवारपासून पहिल्या गेटाच्या कठड्यावर बसून आहेत. गेटाची चावी त्यांच्या मांडीवर आहे. राखण करतायत की वाट बघतायत, हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. छबूबाई त्यांना तिथंच जेवण नेऊन देतात. रविवारी डबा घेऊन त्या परत येत असताना मनकर्णांनी त्यांना वाटेत गाठलं आणि विचारलं, "काय म्हनत्यात अण्णा?"

"कान हायत त्यांना आता," छबूबाई म्हणाल्या. "तूच जाऊन इचार."

मनकर्णा अजून विचारायला गेलेल्या नाहीत.